गाडीचं दार कुणीकडे

महाल, नागपूर
ता. २० ऑक्टोबर १९७४

चि. प्रेमलतास,

बाबांचा आशीर्वाद. गॅरेज बरं चाललं आहे. कोराडीच्या एका बसची बॉडी हातात आहे. इंदुआत्याचा गुडघा आणि तिची कुरकुर, दोन्ही पूर्ववत.

तुझ्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीचे ब्रेक परवा गावी येऊन ठीक केले. तू रामटेकला मीटिंगला गेली होतीस. बायका येत नसतील तर महिनाअखेर गाडी बंद, असं संस्थेनं कळवल्याचं कंपाउंडरकडून कळलं. तू बोलली नाहीस. असो.

मी गाडीखाली आडवा होतो. विहिरीवरून येणाऱ्या दोघी शेजारी थांबल्या.

“डॉक्टरीणबाई म्हणते, आपण सुईले भेतो.”

“तीन लेकरं घरीच काढली मी. सुईले भेऊ काय वं?”

“मंग चढत काहून नाही?”

“समोर पारावर मामंजी बसून राहिले. त्यांच्या डोक्याच्या वर जाऊन उभी राहू?”

मी बाहेर सरकलो. ऑइलनं माखलेलं माझं तोंड पाहून दोघी किंचाळल्या. मग थोरली, तुळसाबाई, म्हणाली, “चोरून ऐकून राहिला काय गा, बुढ्या?”

“ऐकलं. आता सांगा, गाडी कुठं लावू?”

विचारायचाच अवकाश, आणखी चौघी जमल्या. गोठ्यामागं लाव. दार गोठ्याच्या भिंतीकडं कर. आडोशाला कनात बांध. डॉक्टरीणबाईनं खालीच बसावं, औषधापुरतं वर जावं. मी स्टिअरिंगवर आणि तुळसाबाई हुकूम सोडतेय, “अजून मांगं घे!” कनात बांधून होते तोच एक पोटुशी येऊन बसलीसुद्धा. डॉक्टरीण नाही म्हटल्यावर शिव्या मला.

एक सांगायचं राहिलं. गेल्या साली तुझी आई गेली, तेव्हा तिच्या नावानं ही गाडी मी संस्थेला दिली. नाव दाराच्या अंगाला रंगवलं, आणि गाडी पारासमोरच लाव, चारचौघांना दिसू दे, हा हट्टही माझाच. बायका न येण्याचं खरं कारण तुला कळलं होतं आणि माझ्याकडे पाहून तू गप्प राहिलीस का, ते विचारत नाही. आता ‘कै. सत्यवतीबाई यांच्या स्मरणार्थ’ हे गोठ्याची भिंत वाचेल. दुसऱ्या अंगाला पुन्हा लिहून घ्यावं म्हणून पेंटरला बोलावलं होतं. चहा पाजून परत पाठवला. पारावर तुझे आजोबा, तिचे मामंजी, बसलेले असताना तुझी आई तरी त्या गाडीत चढली असती का?

संस्थेनं जागा बदलल्याचं विचारलं, तर गाडी देणाऱ्यांची संमती आहे, दोघांचीही, असं कळव.

तुझे बाबा