भागाकार उलटा का करतात

३ जुलै, सोमवार. सकाळी ६.४०

नोकरी लागली! चार वर्षं, एकतीस मुलाखती. सतरा ठिकाणी 'कळवतो' म्हणाले होते, अजून कळवतायत. ही शाळा दोन आठवडे बघणार, मग मुख्याध्यापिका मॅडम एका तासाला मागे येऊन बसणार, मग कायम करणार. म्हणजे कायम झालोच.

संकल्प : मुलांवर ओरडायचं नाही. देवाला मध्ये घ्यायचं नाही. मी विज्ञाननिष्ठ माणूस आहे.

दुपारी २

ओरडलो.

सातवी ब, गणित. बेचाळीस मुलं एकदम गप्प बसून आपल्याकडे बघायला लागली की किती भीती वाटते, हे ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

४ जुलै

अपूर्णांकांचा भागाकार. दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. सोपं. शेवटच्या बाकावरची लाल चष्म्याची मुलगी उभी राहिली. सर, उलटा का करायचा? छान प्रश्न, उद्या सांगतो म्हटलं. प्रसंगावधान!

घरी आल्यावर लक्षात आलं, मला माहीत नाही. लहानपणापासून उलटा करत आलोय.

६ जुलै

लाल चष्म्याने पुन्हा विचारलं. उद्या म्हटलं. भीतीने नाही. उत्सुकता टिकवायची असते. शिक्षणशास्त्रात अशी पद्धत आहे, बहुधा.

घंटा व्हायच्या आधीच वर्गातून निघालो. स्टाफरूमच्या चहामुळे.

७ जुलै

सकाळच्या प्रार्थनेला डोळे मिटले, शिस्त म्हणून. देवाला एवढंच म्हटलं की असशील तर आज तिला गैरहजर ठेव. आली. म्हणजे देव नाही. किंवा आहे आणि तिच्या बाजूने आहे.

१० जुलै

शिपाईमामा सांगून गेले, मॅडम गुरुवारी तासाला येणार, टाचणवही आजच टेबलावर पाठवा. टाचणवहीत काय शिकवणार ते आधी लिहायचं आणि वर्गात काय घडलं ते तासानंतर. मी दोन्ही रकाने आजच भरले. कामं तुंबवणाऱ्यातला मी नाही. गुरुवारपुढे लिहिलं : तास रंगला. भागाकार उलटा का करतात, हे सर्वांना समजले. मुख्याध्यापिकांनी समाधान व्यक्त केले.

वाचून इतकं बरं वाटलं! लगेच देऊन आलो.

१२ जुलै, संध्याकाळी

उत्तर इंटरनेटवर आहे. सहा वेळा वाचलं. वाचताना कळतं, स्क्रीन बंद केली की जातं. ताईला फोन केला, ती बँकेत आहे. ती म्हणाली, करायचा असतो म्हणून करतात, आणि शिक्षक तू ना रे? आई म्हणाली, देवावर भार टाक आणि जेव. दोन घासही उतरले नाहीत.

देवा, कायम झालो तर तुला मानेन. हे लेखी.

१३ जुलै, गुरुवार. सकाळी ७.०५

ताप ९८.४. दुसऱ्या काखेतही ९८.४. थर्मामीटर बिघडलाय.

शाळेत कळवलं, सणसणून ताप आहे. आई दारात उभी होती. चार वर्षं प्रत्येक मुलाखतीला ती इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायची. आजही ठेवला होता.

१२.३०

माघार नाही, डावपेच आहे. आजचा तास बुडाला तर मॅडम पुढच्या आठवड्यात येतील.

१.१०

टाचणवही!!!

१४ जुलै

मॅडमच्या टेबलावर वही उघडीच होती. म्हणाल्या, काल तुमचा तास मीच घेतला. मी समाधान व्यक्त केल्याचं मात्र मला तुमच्या वहीतून कळलं.

ओरडल्या असत्या तर सुटलो असतो. त्यांनी खडू पुढे केला. म्हणाल्या, मला समजावा, उलटा का करतात?

तिथल्या फळ्यावर एक अपूर्णांक लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. शेवटी म्हणालो, येत नाही. एकतीस मुलाखतींत हे दोन शब्द मी एकदाही उच्चारले नव्हते.

निर्णय : कायम नाही. घरीही नाही. महिनाभर सातवी ब चं गणित त्या शिकवणार, मी वर्गात बसून ऐकायचं. मग बघू.

घरी सांगितलं, निरीक्षक म्हणून नेमलंय. आईने मान डोलावली, खरं वाटल्यासारखी नाही.

देवाला दोष देता येत नाही. तास बुडवून अंथरुणात पडलेल्या माणसाला त्याने तरी कसं कायम करावं?

१७ जुलै

जागा फक्त शेवटच्या बाकावर, लाल चष्म्याशेजारी. तिने दप्तर सरकवलं आणि हळूच विचारलं, सर, ताप उतरला का? खरंच काळजीने. मला वाटायचं ही मला पाडायला टपलीय. तिला फक्त कळलं नव्हतं. फार लाज वाटली.

मॅडमनी फळ्यावर कागदाच्या पट्ट्या लावल्या. दुसऱ्या पट्टीपर्यंत मी होतो. तिसरीला सगळं निसटलं. आजूबाजूला पेनं सरसर चालली होती. तिने माझ्या वहीत डोकावलं. म्हणाली, विचारा ना सर, मॅडम रागवत नाहीत. हात वर करायला गेलो. कोपराच्या वर जाईना.

मग तिनेच हात वर केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, मॅडम, सरांना कळलं नाही.

सगळ्या माना मागे वळल्या. मी उभा राहिलो.