चपातीची पोळी झाली तेव्हा

आई, आपल्या घरात चपातीला पोळी कुणी म्हणत नव्हतं. कन्नडात पोली म्हणजे उनाड, वाह्यात माणूस. शेजारच्या अक्का हसतील म्हणून तूच तो शब्द आम्हाला लहानपणी तोंडातून काढू दिला नाहीस. आणि त्या वर्षी, नव्वदचं दशक सरत आलेलं, राजाजीनगरच्या आपल्या स्वयंपाकघरात मी कँटीनला जायच्या चपात्या डब्यात भरतोय आणि बाहेरच्या खोलीतून फोनवर तुझा आवाज येतो, "दोन पोळ्या, जावईबापू. आणि वाटीभर वरण." माझे कान तसे तिखटच. हात थांबला. लाटणाऱ्या बाईंनी विचारलं, "काय झालं, अण्णा?" मी म्हटलं, "काही नाही, आमच्या आई पुण्याच्या झाल्या."

तुला शुगर निघाली होती. दिवसाला बाराशे कॅलरी, आणि गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. धाकटीच्या पुणेरी नवऱ्याने लगेच व्हाइटफील्डच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर पदार्थांची यादी बसवली. नाव टाकलं की कॅलरी येतात. संध्याकाळी त्यांचा फोन आला की तू पदर सावरून बसायचीस, जणू ते समोरच आहेत. मी तुझ्याबरोबर कणीक मळून हा धंदा उभा केला, एका चपातीला किती कणीक लागते ते डोळे मिटून सांगेन; पण मला विचारायचं तुला सुचलं नाही. "तू विकणारा. सगळ्यांनी दोन जास्तच खाव्यात असं तुला वाटणार," म्हणायचीस.

एका सोमवारी फोन ठेवून तू म्हणालीस, "उद्यापासून एकच पोळी. एकीचे सव्वातीनशे निघतात म्हणे." मी तिथेच ओळखलं. आपल्या चपातीत एवढं कुठून येणार? हा आकडा पुरण भरलेल्या, तूप सोडलेल्या ओबट्टूचा. यादी ऑफिसातल्या एका तमिळ मुलीने टाइप केली, हे जावयांनीच जेवताना सांगितलं होतं, आणि तिच्याकडे पोळी म्हणजे ती गोडच. मी एक वाक्य बोललो असतो तर तिथेच मिटलं असतं. नाही बोललो. रविवारी सगळे जेवायला जमणार होते. तो कॉम्प्युटर मला चारचौघांत तोंडावर पडायला हवा होता. तोवर तू एका चपातीवर गोळी घेत राहिलीस. "अजून एक घे गं," म्हटलं की हसून म्हणायचीस, "नको रे, कॉम्प्युटर ओरडेल."

रविवारपर्यंत थांबावं लागलंच नाही. गुरुवारी सकाळी ओटा धरून तू खाली बसलीस. अंग घामाने चिंब, हात थरथरतायत. मी साखरेचं पाणी पाजलं आणि तुझं डोकं मांडीवर असतानाच ओरडलो, "अगं, तो ओबट्टूचा आकडा आहे!" फोन केल्यावर जावई धावत आले, यादीत चपाती वेगळी घालतो म्हणाले, रडवेले झाले. तू त्यांचा हात धरून म्हणालीस, "चूक कबूल करायला मोठं मन लागतं." मग माझ्याकडे बघून, "बरं झालं, वेळेवर तुझ्या लक्षात आलं."

तुला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. जावई अजून भेटले की म्हणतात, "दादा, त्या दिवशी तुम्ही होतात म्हणून." मी मान हलवतो. सोमवारचं सगळं लिहून हा कागद त्यांच्या हातात ठेवायचा, असं ठरवून बसलो होतो. नाही ठेवणार. मोठं मन तू त्यांचं म्हणालीस, ते मला अजून सलतं.