परत आलेली तूरडाळ

लीड्स, ४ जानेवारी २०२४

ती. सुलक्षणाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. मिलिंद हसतो, म्हणतो आई सरळ फोन कर. पण फोनवर मला धड रागावता येत नाही.

खालच्या फ्लॅटमधल्या केलीबद्दल तुला सांगितलं होतं. एकटी बाई, सहा वर्षांची मुलगी, हॉस्पिटलच्या लाँड्रीत नोकरी. दिवाळीत पुरीभाजी दिली, तर डबा आठ दिवसांनी परत आला, तोही तेलकट. परवा मुलीचा खोकला ऐकला म्हणून तांदूळ आणि तूरडाळ दिली, वरणभात कसा लावायचा तेही लिहून दिलं. सकाळी दारात सगळं जसंच्या तसं परत. चिठ्ठीत, थँक्यू, आमच्याकडे आहे. अन्न कोणी परत करतं का गं?

मुलीचे केस चिकट, फ्रॉक मळका. आपल्या शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टांनी प्रार्थनेच्या रांगेतूनच घरी पाठवली असती. मिलिंद म्हणतो, एवढा श्रीमंत देश, सरकार सगळं देतं, मग राहतो तो आळस. मलाही पटतं. मुलीची हेळसांड होते असं कौन्सिलला, म्हणजे इथल्या पालिकेला, कळवायचा फॉर्म त्याने छापून दिलाय. सोमवारी देऊन येते.

तुझ्या गुडघ्यांना जप.

तुझी,
सुचेता

नागपूर, ५ जानेवारी

चि. सुचेतास,
अ. उ. आ.

फॉर्म देऊ नकोस. आधी एवढं वाच.

साठीला आलीस तरी वर्गातली मॉनिटरच राहिलीस. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. सिस्टर बेनेडिक्टांनी माझ्याजवळ डाळ-तांदळाची पिशवी दिली. आईने ती माझ्याच हाती परत धाडली, आमच्याकडे आहे म्हणून. घरात चुरमुरे होते फक्त. रॉकेल नव्हतं, डाळ शिजवणार कशावर? आणि ते सांगणार कोणत्या तोंडाने?

त्याच महिन्यात आत्या आली. म्हणाली, वहिनीला पोरी सांभाळता येत नाहीत, धाकटीला मी नेते. तुझेही केस चिकटच होते, बाई. आई तुला कुशीत घेऊन दाराला पाठ लावून बसली, आत्या जाईपर्यंत उठली नाही.

डबा तेलकट आला म्हणजे घरात गरम पाणी नाही. दिवसभर चादरी धुणारीला एक डबा धुता येत नाही होय? खाली जा. आणि कच्चं नको, शिजवलेलं ने.

जीव आहे तुझ्यावर म्हणून कान धरते.

ताई

लीड्स, ९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं खरं निघालं.

वरणभात घेऊन गेले. केलीने कोट घालूनच दार उघडलं. घरात बाहेरइतकीच थंडी, भिंतींना ओल. तिच्या मीटरमध्ये आधी पैसे भरावे लागतात, मग वीज. संपले की शेगडी, हीटिंग, गरम पाणी सगळं बंद. पगाराच्या आधीचे आठ-दहा दिवस हे असंच. मुलगी टोपी घालून अंथरुणात बसली होती. तिने पातेलं बोटांनी निपटलं.

केली म्हणाली की ती कुणाजवळ बोलत नाही, कारण कौन्सिलला कळलं तर मुलीला नेतील. फॉर्म तेव्हा माझ्या पर्समध्ये होता, ताई. केलीचं नाव लिहून झालं होतं.

पूर्ण वेळ नोकरी गं. दिवसभर उकळत्या पाण्यात दुसऱ्यांच्या चादरी, आणि घरी पोरीचं डोकं धुवायला तांब्याभर ऊन पाणी नाही. आपल्या शाळेच्या पुस्तकांत या देशाची काय काय वर्णनं होती, आणि मी ती पाठ करून सुवाच्य अक्षरात लिहिली. संताप संताप होतो. मिलिंदला सांगितलं, आळस हा शब्द या घरात पुन्हा नको. केलीच्या मुलीला न्हायला वर आणलं, तेव्हा आमची बाथरूम त्यानेच तापवून ठेवली. मी तिला तेल लावलं, आई लावायची तसं.

फॉर्म फाडला. त्याऐवजी मीटर आणि ओलीबद्दल आमच्या वॉर्डच्या कौन्सिलरला पत्र लिहायचं ठरलं. केली घाबरत होती, खाली माझंही नाव घालते म्हटल्यावर तयार झाली. सिस्टरांनी शिकवलेल्या ठेवणीतल्या इंग्रजीत मी नम्र विनंतीपासून सुरुवात केली. केलीने दोनदा वाचलं, माझ्या हातून पेन घेतलं आणि एकच शब्द खोडला: नम्र.

तुझा लोभ आहेच. आजच्या दिवस माझा रागही असू दे.

तुझी,
सुचेता