कोणीही माझा जीव वाचवला नाही

हिल्सबरो, ऑकलंड
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय शकू,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण जिभेला काही झालेलं नाही. याला इथे वसंत म्हणतात. वारा असा की वाळत घातलेला टॉवेल शेजाऱ्याच्या कुंपणावर सापडतो. फोनवर आपण दोघं साखर आणि रक्तदाबापलीकडे जात नाही, म्हणून हे पत्र. शिवाय पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही.

तुझा निरोप मिळाला. इथल्या मराठी मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार मुकाट्याने घ्यावा आणि ‘एका अरबाने माझा जीव वाचवला होता’ एवढं सांगून टाकावं, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. नाही सांगणार.

गेल्या रविवारी मंडळाचा अध्यक्ष संग्राम हेच घेऊन आला होता. पुण्याचा, आयटीतला, मुलगा वाईट नाही. चहा घेतला, खोकला आणि म्हणाला, “काका, तुमचं काम सुपर आहे. पण लोक विचारतात, आयुष्यभर अरबांसाठीच का? मस्कतला त्यांची संगीतशाळा, मुलींच्या फिया. इथे येऊन पुन्हा तेच, अरबी वर्ग, कॅलिग्राफी, गॅरेजमधली ती वाद्यं. एक छोटीशी स्टोरी लागते हो. वॉरमध्ये कोणी वाचवलं वगैरे? लोक खूप रडतील, हीप्स!”

“मस्कतला युद्ध नव्हतं,” मी म्हटलं. “मी समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात होतो. सगळ्यात मोठं संकट म्हणजे कॅन्टीनचा भात.”

“मग वाळवंटात गाडी बंद पडली असेल?”

“पडली होती. मीच दुरुस्त केली. इंजिनिअर आहे मी.”

नात श्रिया सोफ्यावरून हसली. “आजोबा, दॅट्स सो यू.” तुझी वहिनी स्नेहलता म्हणाली, “संग्राम, यांच्याकडून खोटं वदवून घेशील तर पुरस्कार तुलाच द्यावा लागेल.”

मग त्याने खरी गोष्ट काढली. माझ्या गॅरेजमध्ये शिकणाऱ्या अरब मुलांचं वादन पुरस्काराच्या कार्यक्रमात नको, काही लोक उठून जातील. मी म्हटलं, जाऊ देत. दार मोठं आहे.

शकू, माझं डोकं कशाने फिरतं सांगू? आपल्या लोकांना उपकाराची फेड कळते, आवड कळत नाही. गणपतीत मंडळाचे स्पीकर दरवर्षी मी लावतो, तेव्हा गणपतीने माझा जीव कधी वाचवला असं कोणी विचारत नाही. आणि ही मुलं कोणाची म्हणून मोजायची? लहानपणीच घरदार सोडून आलेली. त्यांच्या आजोबांचं गाणं त्यांना वाजवता यावं, यासाठी मला कारण द्यावं लागतं, हीच लाज आहे.

तरी जे झालं ते तुला सांगतो. संग्रामला सांगितलं नाही.

मस्कतला माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे एक कुटुंब राहायचं. त्यांची मुलगी ऊद शिकत होती. ऊद म्हणजे त्यांचं तंतुवाद्य, पोट मोठं, मान आखूड. ती रोज त्याच जागी चुकायची आणि बाप आतून मोठ्याने काहीतरी ओरडायचा. मला वाटे, आता हिचं बंद होणार. मी कान देऊन त्याची वाट बघायचो. शेवटी फोरमनला त्या शब्दांचा अर्थ विचारला. तो म्हणाला, “पुन्हा वाजव.”

ती जिथे शिकायची, त्या संगीतशाळेला मी पहिल्या पगारवाढीतून मदत सुरू केली, ती आजतागायत. एवढीच स्टोरी. ऑडियन्स रडणार नाही.

नंतर इकडे आल्यावर ‘ते रापा’ नावाच्या ठिकाणी दुधाच्या भुकटीच्या कारखान्यात बरीच वर्षं गेली, ते तुला माहीतच आहे. हवेतला ओलावा काढण्यात हयात गेली. इथल्या दमट हवेत ऊदाचं लाकूड बिघडतं, म्हणून गॅरेजमध्ये वाद्यांसाठी कोरडं कपाट बांधलं. गाडी बाहेर भिजते. कपाटात एक खण चांगला लांब ठेवलाय. सुतार म्हणाला, ऊद एवढा लांब नसतो. मी म्हटलं, असू दे.

आता लिहितोच. मिरजेहून आणलेली तुझी सतार. तू जेमतेम दोन गती शिकली होतीस. माझं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, घरात खोल्या दोनच. बाबा म्हणाले, “चंदूचा अभ्यास आहे, बंद कर ते.” तू सतारीवर गवसणी चढवलीस आणि पोळ्या लाटायला गेलीस. तुला कोणी विचारलं नाही, मलाही नाही. बाबा गेले, तरी हे मी म्हणणारच: ते चुकले. मी पहिल्या वर्गात पास झालो आणि पेढे वाटले गेले. तो पेढा तू खाल्ला नव्हतास, मी पाहिलं होतं. त्यावर आपण कधी बोललो नाही.

म्हणून माझ्या गॅरेजमध्ये एकच नियम आहे. वाजवणाऱ्याला कोणी ‘बंद कर’ म्हणायचं नाही.

कार्यक्रम अठराला आहे. हे पत्र पोचेपर्यंत तो होऊन गेला असेल, म्हणजे तुला मला अडवता येणार नाही. मुलं आधी वाजवतील, मग मी माइकवर जाईन. मंडळाला हे पटलं नाही, तर शाल आणि नारळ त्यांच्याकडेच राहू दे. मी सांगणार आहे की कोणीही माझा जीव वाचवला नाही, मला आवडलं म्हणून केलं. तुझं नाव घेणार नाही. सतारीची गोष्ट तुझी आहे, तुला हवं तर तू सांग.

डिसेंबरमध्ये तू येतेयस. लोणची-पापड राहिले तरी चालतील, सतार आण. तारा गंजल्या असतील, नव्या घालू. विमानतळावर इथले लोक लाकूड, बिया, सगळं तपासतात. तू घाबरून काही लपवू नकोस. भोपळा आहे, लाकूड आहे, सरळ लिहून दे. कशाला आणली विचारलं, तर मान वर करून सांग, वाजवायला आणली.

बोटं वळत नाहीत म्हणशील. चुकशील. खुशाल चूक. मी भिंतीच्या अलीकडे बसलेला असेन आणि मोठ्याने ओरडेन, पुन्हा वाजव.

ज्याच्या अभ्यासासाठी तुला गप्प केलं, तो,
तुझा चंदूदादा