डावा गोऱ्हा

२४ नोव्हेंबर २००७, शनिवार

आजपासून रोज डायरी लिहायची. मोठी माणसं लिहितात. पुढेमागे कोणी माझ्या कार्याचा आढावा घ्यायचं ठरवलं तर सोय असावी.

आज दवाखान्याच्या आवारात खच्चीकरण शिबिर. एकट्यानं पार पाडलं. चिमटा लावायचा, आतली नस दाबायची, झालं. रक्ताचा थेंब नाही, सूज उतरली की बाहेरून काही कळतसुद्धा नाही. असा हात या तालुक्यात दुसऱ्या कोणाचा नाही. हे मी माझ्या तोंडानं म्हणत नाही, फक्त लिहून ठेवतो. माझी पोस्ट पशुधन पर्यवेक्षकाची, पण गाव मला शालीकराम डॉक्टर म्हणतं. लोकांचं तोंड कोण धरणार?

नत्थूलाल बिसेनचे दोन गोऱ्हे आले होते. वडील गेल्यामुळे तो सुतकात, म्हणून आमगावचे दोन पाहुणे घेऊन आले. गोऱ्हे दोन्ही पांढरे, अगदी सारखे, एकाशिवाय दुसरा पाऊल टाकत नाही म्हणून जोडीनं आणले. निरोप असा की डावा नांगरासाठी ठेवायचा, त्याला चिमटा लावायचा. उजवा तेरवीला बाबूजींच्या नावानं गावात सांड म्हणून सोडायचा, त्याला हात लावायचा नाही. पाहुणे सारखे डावा, डावा करत होते. मी म्हटलं, मला डावं-उजवं कळतं.

डावा चिमटला. क्लीन काम.

जिल्हा परिषदेचा आदर्श कर्मचारी पुरस्कार एक मेला जाहीर होतो. यंदा आपला. मनात आलं ते आलं.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

नत्थूलालकडे तेरवी. जेवण उत्तम. सांड सोडायचा कार्यक्रम झाला. हळद लावली, हार घातला, सगळ्यांनी नमस्कार केला. सांड निघाला तो मागचे पाय फाकवून. मी वाकून बघितलं. सूज.

ती सूज मी ओळखतो. माझीच आहे.

पाहुण्यांना बाजूला घेऊन सहज विचारलं, डावा कुठून मोजला होता? म्हणे, काऊन जी, डावा म्हणजे नांगराचा डावा, बैल मागूनच पाहाचे रायते ना. बरोबर आहे. नांगर धरणारा मागे असतो. मी समोर उभा होतो. माझ्या डाव्या हाताचा धरला.

आता यात चूक कोणाची? भाषेची.

सांगणारच होतो. पण नत्थूलाल सांडाच्या पायावर डोकं ठेवून रडायला लागला. बाबूजी आजारपणात म्हणत होते, मले एकदा वावर दाखव. धानाची मळणी सुरू होती. हा म्हणाला, उद्या नेतो. म्हातारा त्याच दिवशी गेला. नत्थूलाल म्हणत होता, आता बाबूजी या सांडाच्या पायानं सारं वावर हिंडून पाहतील. बायामाणसांच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही.

अशा वेळी सांगणं माणुसकीला धरून नाही. उद्या सांगतो.

१ डिसेंबर

सांगायला निघालो. लुना सुरू होईना.

२ डिसेंबर

लुना सुरू झाली. पण रविवार. सुटीच्या दिवशी कार्यालयीन विषय काढू नये.

४ डिसेंबर

बायकोला सांगितलं. वच्छला आधी खूप हसली. मग पदरानं डोळे पुसले. म्हणाली, आजच्या आज जाऊन सांगा. दुसरा गोऱ्हा धड आहे ना? तो सोडतील सांड म्हणून, हा जाईल नांगराले. फालतू कायले लोंबवून राहिले?

बायकांना प्रशासन कळत नाही. नत्थूलालनं लेखी तक्रार दिली तर? चौकशी. बदली. तीही देवरीच्या पलीकडे, जंगलात. मी गेलो तर इथल्या जनावरांचं काय होईल, हा विचार वच्छलाला शिवत नाही.

चूक कबूल करायची आहेच. तो प्रश्नच नाही. प्रश्न फक्त वेळेचा. असं ठरवलं की संक्रांतीला तिळगूळ देताना सांगायचं. वातावरण गोड असतं. प्लॅन उत्तम आहे.

१५ जानेवारी २००८

तिळगूळ दिला. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात नत्थूलालच म्हणाला, डॉक्टर, घरचा गोऱ्हा जुवाले मान देऊन नाही राहिला. पाणवठ्यावर गायींवर उड्या मारते. चिमटा बसला नाही का जी?

हीच संधी होती. देवानं ताटात वाढून दिली होती. पण तोंडातून निघून गेलं, की हो, एखाद्या वेळी बसत नाही, उद्या येऊन पुन्हा लावतो.

तो म्हणाला, तुमाले किती तरास.

मी म्हणालो, त्रास कसला, कर्तव्य आहे.

१६ जानेवारी

लावला. क्लीन काम.

परत येताना अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं. वच्छला म्हणत होती तो उपाय आता उरला नाही. दोन्ही गेले.

घरी सांगितलं नाही. तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. भाजी वाढली आणि आत निघून गेली. भाजीत मीठ नव्हतं. मागितलं नाही.

१० मार्च

सांड गायींच्या जवळून जातो, हुंगतो, पुढे जातो. नत्थूलालच्या दारात येऊन बसतो. हाकललं तरी परत तिथेच. अंगानं छान भरला आहे. गावात एकही गाय त्याच्यापासून फळलेली नाही.

साहजिकच लोक गायी घेऊन माझ्याकडे येऊ लागले. कृत्रिम रेतनाचं टार्गेट नोकरीत पहिल्यांदाच मार्च संपायच्या आत पूर्ण! गोंदियाहून साहेबांचा फोन आला, शालीकराम, क्या जादू कर रहे हो? मी नम्रपणे म्हणालो, सर, सेवा.

विचार केला तर माझ्या हातून चूक झाली असं म्हणता येणार नाही. सरकारी कार्यक्रमाला चालना मिळाली. फक्त नत्थूलाल तेवढा वाळला आहे. उन्हामुळे असेल.

८ एप्रिल

आज दवाखान्यात मुन्नीबाई आली. नत्थूलालची बायको. गाय नाही, शेळी नाही, एकटीच. दाराशी उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

म्हणाली, माणूस रातचं जेवत नाही. सांडापाशी जाऊन बसते आन त्याच्याशी बोलते. म्हणते, बाबूजी रुसले माह्यावर. मी वावर दाखवलं नाही म्हणून सांडाच्या रूपानं दारात येऊन धरणं देऊन राहिले. म्हणून गायी फळत नाही. डॉक्टर, तुमी जाणकार. सांडातच काही खोट असन तर सांगून द्या जी. कोणाची गलती असन, आमी कोणाले काही म्हणणार नाही. माहा माणूस तेवढा वाचंल.

इतकं सोपं करून दिलं तिनं. मी खुर्चीत बसलो होतो. समोर टेबलावर पुरस्काराचा प्रस्ताव पडला होता, साहेबांच्या शिफारशीसकट.

म्हटलं, बाई, सांड अव्वल आहे. मी स्वतः तपासला आहे. नत्थूलालला लिव्हर टॉनिक द्या.

ती बरं म्हणाली आणि गेली. मी जनावरांचं लिव्हर टॉनिक म्हणालो की माणसांचं, ते आठवत नाही.

दुपारभर कामात लक्ष लागलं नाही. एका शेळीला दोनदा इंजेक्शन देणार होतो. निर्णय: पुरस्कार झाला की दुसऱ्या दिवशी सांगायचं. तेव्हा माझ्या शब्दाला वजनही असेल.

१ मे

गोंदिया. पुरस्कार मिळाला. शाल, नारळ, फोटो. साहेबांनी स्टेजवर सांगितलं, की एका छोट्या गावात एवढी कृत्रिम रेतनं म्हणजे या माणसाच्या हातात काहीतरी आहे.

आहे खरं.

टाळ्या वाजत असताना मला मध्येच मुन्नीबाई दिसली. नव्हती ती तिथे. भास होता. गर्मी फार.

२ मे

आज सांगायचं ठरलं होतं. पण काल दिलेला पुरस्कार आज अडचणीत आणणं म्हणजे जिल्हा परिषदेचा अपमान. मी माझा अपमान सहन करीन, संस्थेचा नाही.

वच्छलानं शाल पेटीत टाकली. म्हणाली, थंडीत जनावराच्या अंगावर टाकाले होईन.

२० जुलै

चोरखमाऱ्याच्या कालव्याला पाणी आलं. सगळ्यांची धानाची रोवणी उरकली. नत्थूलालच्या बांध्या तशाच, पाणी भरून, रिकाम्या. पऱ्हे, म्हणजे लावायची रोपं, वाफ्यातच पिवळे पडले. तो बांधावर बसलेला, शेजारी सांड. मी लुना थांबवली. विचारलं, रोवणी काऊन नाही? म्हणाला, बाबूजींनी वावर पाहिलंच नाही जी, मी कोणत्या तोंडानं पाय ठेवू?

लुना बंद पडली नव्हती. वारही रविवारच होता, पण ते काही कारण नाही हे मला कळतं. तरी निघालो. का निघालो ते इथे लिहिणार होतो. सुचत नाही.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. मग ग्रामसभा. सरपंच ईश्वरदासनं सांडाचा विषय काढला. काही जणांचं म्हणणं की हा सांड फुकाचा, दुसरा आणा. नत्थूलाल मान खाली घालून. ईश्वरदासनं सगळ्यांसमोर मला विचारलं, डॉक्टर, तुमी पुरस्कारवाले, तुमीच सांगा, सांडात खोट हाय का नाही?

अख्खं गाव बघत होतं. सांड शाळेच्या फाटकाशीच उभा होता. मी उठलो. सांगायलाच उठलो होतो, हे मी शपथेवर लिहितो. त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती. आणि मी म्हणालो, खोट नाही. माझं नाव शालीकराम, माझा शब्द घ्या.

मग मागून कोणीतरी म्हणालं, सांडात नाही तर घरात हाय. बापाची आत्मा नाराज हाय. कोणी त्याला गप्प केलं नाही. नत्थूलालनं फक्त मान हलवली, हो म्हणून. जणू एवढं ऐकायलाच तो इतके महिने थांबला होता.

मला वाईट वाटलं. डायरीत खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. जिलेबी घेतली नाही.

१९ सप्टेंबर

पितृपक्ष. नत्थूलाल गयेला निघाला आहे, बाबूजींचं पिंडदान करायला. पुन्हा येईन का नाही माहीत नाही, असं तो लोकांना सांगत सुटला आहे. घरच्या गोऱ्ह्याचा कासराही आमगावच्या पाहुण्यांच्या हाती दिला. वच्छला म्हणाली, त्या माणसाचं काही झालं तर मी माहेरी जाईन, आन कायले जाऊन राहिली ते साऱ्यांले सांगून जाईन.

ती धमकी देते म्हणून नाही. माझं आधीच ठरलं होतं. बदली झाली तर झाली. देवरीतही जनावरं आहेतच.

सोमवारी सकाळी. नक्की.

२२ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं.

गेलो तेव्हा नत्थूलाल ओसरीत पिशवी भरत होता. मुन्नीबाई पोळ्या बांधत होती. मी उभ्या-उभ्याच सगळं बोललो. शिबिर, डावा, माझा डावा, तेरवीला दिसलेली सूज, संक्रांत, दुसऱ्या गोऱ्ह्याचा चिमटा. बाबूजींचा यात काही संबंध नाही, ते रुसलेले नाहीत, गलती माझी आहे, एकट्याची. काही गाळलं नाही.

नत्थूलाल ऐकत राहिला. मग त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटला बिचारा.

त्यानं माझे पाय धरले. म्हणाला, डॉक्टर, माहं दुःख पाहवलं नाही म्हणून तुमी सोतावर घेऊन राहिले. असा माणूस नाही पाहिला.

म्हटलं, नाही रे बाबा, खरंच मीच.

म्हणाला, कायले जी? तुमीच म्हटलं ना, पहिला चिमटा बसला नव्हता म्हणून. तुमीच गावासमोर सांडाच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं. सरकारनं तुमच्या हाताले शाल दिली. तो हात चुकते का कधी?

मी पुन्हा सांगितलं. नस, सूज, नांगर मागून धरतात, सगळं. जितकं समजावलं तितका तो जास्त रडला. शेवटी तोच माझी पाठ थोपटायला लागला.

मुन्नीबाईनं पोळ्या बांधायच्या थांबवल्या होत्या. तिनं एवढंच विचारलं, मी दवाखान्यात आली त्या दिवशी काऊन नाही सांगितलं?

नत्थूलाल तिच्यावर खेकसला, डॉक्टरले असं बोलते का, जाय, चहा ठेव. ती चहा ठेवायला गेली नाही. माझ्याकडे बघत राहिली. तिला पटलं होतं. तिला एकटीलाच.

बसची वेळ झाली. नत्थूलालनं पिशवी खांद्याला लावली. मग थांबला, हात जोडले. म्हणाला, डॉक्टर, तुमच्या बाबूजींचं नाव सांगा. लेकाले असं मोठं मन देऊन गेले ते. गयेले बाबूजींच्या बाजूले त्याइच्याही नावानं पिंड ठेवतो.

नाही म्हणायला हवं होतं.

केवळराम, असं मी सांगितलं. त्यानं गोत्र विचारलं. तेही सांगितलं.