बांधावरची बाभूळ आणि गेटवरचा हिरवा फलक

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. आज कारखान्याच्या गेटवर फलक लागला, ‘आमचा बॉयलर कार्बन न्यूट्रल’. मजकूर माझाच. कोळशाऐवजी आता काड्या-लाकडं जाळतो ना आम्ही, म्हणून. साहेब म्हणाले होते, "झाड जळलं तरी त्याचा धूर नवं झाड परत शोषून घेतं." मी मान डोलावली. नंदीबैल!

वळसंगच्या काकांनाही मीच सांगितलं होतं, तुरीच्या काड्या शेतात पेटवू नका, आमच्या बॉयलरसाठी ट्रक येतो, त्याला द्या. काल काका बाजाराला गेले असताना ट्रकवाल्यांनी काड्यांबरोबर बांधावरची बाभूळही कापून नेली. काकूला म्हणाले, "तुमच्या पुतणीनंच सांगितलंय की."

मी? बाभूळ?

उन्हाळ्यात चारा संपला की काका आकडीनं तिच्या शेंगा पाडायचे आणि शेळ्या खाली वाट बघत थांबायच्या. कुठंय ते नवं झाड? लावलंय कुणी? आणि ते मोठं होईपर्यंत धूर काय साहेब शोषणार?

आत्ता काकांना फोन केला. शेळ्यांना काय घालता, विचारलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चारा इकत आनला की," म्हणाले. "पर त्या तितंच जाऊन वर बघत हुब्या ऱ्हात्यात."