मेहेरबानचा ठोका

४ नोव्हेंबर २०२३, दाभोळ

आलो एकदाचा. पुण्यात माझ्या गल्लीत दातांपेक्षा दंतवैद्य जास्त झाले, तेव्हा पन्नाशीत अक्कल आली आणि खुर्ची, ड्रिल, कवळ्यांचे साचे टेम्पोत घालून खाडीकाठी उतरलो. रस्त्याच्या बाजूला दवाखाना, मागे घरमालकीण कौसरभाभीचं स्वयंपाकघर, आणि त्याच्या बरोबर वर, लाकडी तक्तपोशीच्या माळ्यावर, मी. खालच्या फोडणीला वर शिंक येते, एवढी जवळीक. भाभी चाळिशीची, बोलते कमी. पण संध्याकाळी न सांगता सुरमईचं कालवण आणि तांदळाची भाकरी वर आली. तिचा दीर अझीम रिक्षा चालवतो. सामान चढवताना म्हणाला, डाक्टर पुण्याचे, तेव्हा गावाला सांगून ठेवतो, एक ते चार कोणी दात दुखवून घ्यायचा नाय. माणूस मजेशीर आहे. उजवीकडची खालची दाढ किडलेली आहे.

९ नोव्हेंबर

पेशंट येतात. तोंडं उघडतात ती बोलायला. दात दाखवायचे मग आठवतं.

एक गंमत कळली. इथल्या बायका खाडीकडे बघत नाहीत, ऐकतात. लाँच मुखातून आत शिरली की नुसत्या इंजिनावरून, घरात भाजी चिरता चिरता, सांगतात कोणाचा नवरा आला, आणि उठून चहाचं आधण ठेवतात. माझी बायको मला दाराची बेल वाजवूनही ओळखत नसे. अखेर तिने बेलच बदलली, आणि पत्ताही.

कौसरभाभी प्रत्येक इंजिन ऐकते. आधण मात्र ठेवत नाही. तिचा नवरा अस्लम ‘मेहेरबान’ लाँचचा तांडेल, लाँच चालवणारा. दोन वर्षांपूर्वी वादळात लाँचसकट गेला. फळी मिळाली नाही की माणूस. अझीम सांगतो, भाभी, आता कबूल कर. ज्या दिवशी असं म्हणतो, त्या दिवशी त्याला चहा मिळत नाही.

१५ नोव्हेंबर

दुपारी जेवताना उजवा हात हलला. हलला म्हणजे थरथरला, माझी परवानगी न घेता. अर्ध्या तासाने आपोआप थांबला. चहा जास्त होतोय.

१९ नोव्हेंबर

चहा सोडला. हात सोडत नाही. रोज येतो, वेळ बदलून येतो. आज दुपारी चारला एका शिक्षकाच्या तोंडात सुई घेऊन उभा होतो. उचकीचा बहाणा करून बाहेर आलो.

डॉक्टरकडे जावं हे कळतं. पण रत्नागिरीत मेंदूच्या डॉक्टरकडे दंतवैद्य दिसला, की मी परत यायच्या आत बातमी दाभोळला पोचलेली असणार. थरथरत्या हाताच्या न्हाव्याकडे माणूस एक वेळ जाईल, ड्रिलखाली कोण बसेल? हा दवाखाना बुडाला तर मला तिसरं गाव नाही. पेशंटांना मी रोज बजावतो, दुखणं अंगावर काढू नका. दुसऱ्यांना सांगायला वाक्य छान आहे.

२३ नोव्हेंबर

सकाळी भाभी दाढ दाखवायला बसली. आरसा तिच्या तोंडात, आणि हात सुरू झाला. आरशाची कड दाताला लागत राहिली, टक-टक-टक, मध्येच एक चुकून, पुन्हा टक-टक-टक. मी घाबरून हात मागे घेणार, तर तिने माझं मनगट धरून तिथेच ठेवलं. डोळे मिटले होते. मग आरसा काढून हळूच म्हणाली, डाक्टर, ही आमची मेहेरबान. तीन ठोके मारते नि चौथा खाते. ते म्हणायचे, दुरुस्त करायचा नाय, नायतर तुला कळायचं कसं.

उठली, आत गेली. दाढ तशीच राहिली.

तिने आधण ठेवलं.

२४ नोव्हेंबर

गेलो रत्नागिरीला. काल बाईचा चेहरा पाहिल्यावर अब्रूची भीती लहान वाटली. डॉक्टरांनी दुपारची वेळ दिली होती. हात पुढे केला तर दगडासारखा स्थिर! बोटं नाकाला लावली, रेषा ओढली, सगळं उत्तम. ताण असेल म्हणाले, पुन्हा थरथर आली तर घ्या म्हणून गोळ्या दिल्या. ठोक्याचं सांगितलं नाही. मलाही लाज आहे.

परतताना खाडी पाहिली. ओहोटी. चिखल उघडा पडलेला.

रोज वेळ का बदलते ते कळलं. थरथर भरतीला येते.

२५ नोव्हेंबर

भरती. दोन्ही हात, खांदे. माझ्या पायांखालची तक्तपोशी हलते, खाली भाभीच्या फळीवरचे पेले वाजतात. त्याच ठोक्यात. रोज आधीपेक्षा मोठ्याने. लाँच जवळ येत असल्यासारखे.

गोळी घेतली. थांबलं.

खाली पेले थांबले आणि भाभीने किंकाळी फोडली. वर आली, उंबऱ्यात बसली. काय घेतलंत, एवढंच विचारलं. भर दर्यात इंजिन बंद पाडलंत तुम्ही त्यांचं. अझीम तिला न्यायला आला. दाराशी उभा राहून माझ्या हाताकडे बघत राहिला. थट्टा केली नाही.

२६ नोव्हेंबर

पुन्हा सुरू. आता छातीत. नाडी धरली. तीन ठोके, एक खाल्ला. तीन ठोके—

माझं हृदय असं नव्हतं.

गोळी हातात होती. खाली भाभी भांडी घासत होती, गुणगुणत. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. जन्मभर माणसांनी माझ्यासमोर तोंड उघडलं ते नाइलाजाने. कोणी माझी वाट पाहिल्याचं स्मरणात नाही.

गोळी घेतली नाही. उद्या पौर्णिमेचं उधाण. मोठं पाणी. तेवढी एक भरती जाऊ दे, मग डॉक्टर. तिला तसं सांगितलं. तिने माझ्या पायाला हात लावला.

२७ नोव्हेंबर, सकाळ

पाणी चढतंय. भाभी नवी साडी नेसली. अझीम धक्क्यावर जाऊन उभा आहे. त्यालाही ऐकू येतं म्हणतो.

मला चहा द्यायला आली. खुशीत बोलत होती. म्हणे, त्यांची सवय ठरलेली. लाँच धक्क्याला लागली की आधी इंजिन बंद करायचं, मगच मला हाक मारायची—

इंजिन बंद.

कोणतं इंजिन? ते तर माझ्या छाती—

गोळ्या. पाकीट फाडता येत नाही. हात— दातांनी— पडलं, फटीतून खाली—

भाभीला ओरडलो. पेल्यांच्या आवाजात तिला—

अझीमला फोन. बोट आकड्यावर ठरत—

ठोके सावकाश पडतायत. धक्का जवळ आला की वेग कमी—

तीन. आणि एक खाल्ला.

दोन—

थांबलं. हात अगदी स्थिर. अक्षर बघा किती सुरेख येतंय, पहिल्या दिवसासारखं. छातीत काहीच वाजत नाही. धक्क्याकडून कोणीतरी हाक मारतंय, कौस